अनोळखी मनुष्याची शिफारस

दारी आलेल्या मनुष्यास विन्मुख परत लावणे सज्जनाच्या जिवावर येते. त्यातून तो पैसा न मागता चार ओळींची चिठ्ठीच मागत असेल, तर नाही म्हणणे अधिकच कठीण. शाईला असे काय मोल पडते, असे म्हणून आपण लिहून देतो. परंतु ज्याच्याविषयी आपणांस काहीच ठाऊक नाही, त्याची स्तुती लिहून देणे ही दया आहे की खोटी साक्ष, ह्याचा वाचकांनी शांतपणे विचार करावा. इतिहासातील एक प्रसंग त्या कामी उपयोगी पडेल.

सन १७७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील तेरा वसाहतींनी आपण इंग्लंडपासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. युद्ध आधीच पेटले होते व त्यांस फ्रान्सचे साह्य हवे होते. ते मिळविण्यासाठी बेंजामिन फ्रँकलिन हे सत्तर वर्षांचे मुत्सद्दी डिसेंबरात फ्रान्सात उतरले व पुढे पॅरिसजवळ पासी येथे राहू लागले. लागलीच फ्रेंच उमरावांच्या मुलांची व लष्करी अंमलदारांची त्यांच्या दारी रीघ लागली. जो तो अमेरिकन फौजेत हुद्दा मिळावा म्हणून चिठ्ठी मागे. अंगणात गाडीचा आवाज झाला की आपणांस धास्ती वाटते, जेवणाचे आमंत्रण स्वीकारण्याचेही भय वाटते, असे फ्रँकलिन ह्यांनी लिहून ठेवले आहे.

शेवटी २ एप्रिल १७७७ रोजी त्यांनी अनोळखी मनुष्यासाठी शिफारसपत्राचा एक नमुनाच तयार केला. त्याचा आशय असा की, हा गृहस्थ अमेरिकेस जात असून पत्रासाठी आग्रह करीत आहे. मला त्याचे नावही ठाऊक नाही. त्याच्या गुणांविषयी त्यालाच विचारावे, कारण ते त्यासच अधिक माहीत. तथापि ज्याच्याविषयी वाईट ठाऊक नाही अशा कोणाही परक्यास मिळावी ती सभ्य वागणूक त्यास मिळो, आणि पुढे तो जसा पात्र ठरेल तसा त्याच्यावर लोभ करावा. हे वाचून हसू येते खरे. पण त्यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही कठोर नाही.

फ्रँकलिन ह्यांच्या आधी तेथे आलेले सायलस डीन ह्यांस मात्र नाही म्हणवत नसे. त्यांनी हुद्द्यांची वचने सढळ हाताने वाटली. द्यु कूद्रे नावाच्या फ्रेंच अंमलदारास तर मेजर जनरलचा हुद्दा व तोफखान्याचे आधिपत्य देऊ केले. ते ऐकून ग्रीन, नॉक्स व सलिव्हन ह्या तिघा अमेरिकन सेनापतींनी राजीनाम्याची भाषा काढली. डीन ह्यांनी औदार्य दाखविले, परंतु ते दुसऱ्याच्या थैलीतून!

ह्याचे फळ कोणास भोगावे लागले? मार्की द लाफायेत ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणास. त्याने डीन ह्यांच्याशी ७ डिसेंबर १७७६ रोजी करार केला, स्वखर्चाने जहाज घेतले आणि जुलै १७७७ च्या अखेरीस तो फिलाडेल्फियास पोहोचला. परंतु चिठ्ठ्या घेऊन आलेल्या फ्रेंचांना काँग्रेस इतकी विटली होती की, प्रथम त्याचेही कोणी ऐकेना. तेव्हा त्याने विनंती केली की, मला वेतन नको, साधा स्वयंसेवक म्हणून राहू द्या. त्याने काँग्रेसचे मन वळले. त्याच्या थोर घराण्याचाही विचार झालाच. ३१ जुलै रोजी त्यास हुद्दा मिळाला व ११ सप्टेंबर रोजी ब्रँडीवाइनच्या लढाईत त्याच्या पायास गोळी लागली. सारांश, अयोग्यांस दिलेल्या स्तुतीने योग्याच्या स्तुतीची किंमत उतरली होती.

येथे कोणी आक्षेप घेईल. त्याच सप्टेंबरात फ्रँकलिन व डीन ह्यांच्याच शिफारशीने श्टॉयबेन नावाचा प्रशियन सरदार अमेरिकेस गेला. पत्रात त्यास लेफ्टनंट जनरल म्हटले होते. वास्तविक प्रशियाच्या फौजेतून तो कॅप्टन म्हणून निघाला होता. पण सन १७७८ मध्ये व्हॅली फोर्जच्या छावणीत त्यानेच अमेरिकन शिपायांस उत्तम कवायत शिकविली. मग असत्य फळास आले ना?

आक्षेप खरोखर वजनदार आहे. खरा हुद्दा लिहिला असता तर काँग्रेसने त्यास कदाचित विचारलेही नसते. परंतु शिपायांस कवायत शिकविली ती त्याच्या ज्ञानाने, खोट्या पदवीने नव्हे. आणि ते ज्ञान खरे असल्याने तेवढेच लिहिता आले असते. शिवाय द्यु कूद्रे व श्टॉयबेन दोघेही मोठाली पत्रे घेऊनच गेले. कोणता उपयोगी पडेल, हे कागदावरून वाचणाऱ्यास कसे कळावे? ज्याने एप्रिलात तो नमुना लिहिला, त्याच्याच हातून सप्टेंबरात हे घडले; तेव्हा हा मोह शहाण्यासही सुटत नाही, एवढे आपण ओळखावे.

चिठ्ठी मागणारा आपल्यासमोर उभा असतो, म्हणून त्याची कीव येते. ती वाचून फसणारा व तिच्यामुळे जागा गमावणारा हे दोघे आपल्या दृष्टीआड असतात. त्यांचाही आपल्या दयेवर हक्क आहे. म्हणून जेवढे ठाऊक तेवढेच लिहावे, ठाऊक नाही ते तसेच सांगावे, आणि परक्यास स्वतःची पारख करून देण्याची संधी मिळावी एवढे मागावे. अशी चिठ्ठी आखूड होईल. पण ज्या दिवशी एखाद्या खऱ्या लायक मनुष्यासाठी आपण लिहू, त्या दिवशी तिच्यावर विश्वास ठेवला जाईल.