आरीचे टोक

(शास्त्रपाठ : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ९ वा. हा अध्याय प्रथम घरातील सर्वांनी मिळून वाचावा.)



गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील उपासना आटोपून मी निघालो, तोच एक शेतकरी बंधू मजमागून वेशीपर्यंत चालत आला. बराच वेळ तो काही बोलेना. शेवटी म्हणाला, "पाळकसाहेब, एक विचारायचे आहे. पाप माझे, की त्या लेकराचे?"

त्याची हकिकत अशी. त्याने गवत कापून विळा वळचणीला न खोवता उंबऱ्यापाशी टाकला आणि तो पाणी प्यावयास आत गेला. चार वर्षांच्या मुलाने बापासारखे कापून पाहावे म्हणून विळा उचलला, आणि क्षणार्धात एक डोळा गेला. त्या दिवसापासून आळीतील लोक म्हणू लागले, "कुळाचा देव सोडलास, त्याचे हे फळ." कोणी म्हणाले, पोराचे पूर्वजन्मीचे कर्म. मुलाची आई मात्र काहीच म्हणेना. ती नवऱ्याशी बोलेनाशीच झाली. डॉक्टरांनी मुलास पुन्हा दाखवावयास आणण्यास सांगितले होते. पण लोक विचारतील या लाजेने बापाने दोन महिने घराबाहेर तोंड काढले नव्हते.

बंधूंनो, हा प्रश्न नवा नाही. आपल्या शास्त्रपाठात शिष्यांनी जन्मांधास पाहिले, तेव्हा त्यांनीही गुरूस हेच विचारले : पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूचे उत्तर आपण वाचलेच आहे. त्याने ह्याचेही नाव घेतले नाही, त्यांचेही नाही. देवाचे कार्य ह्या मनुष्याच्या ठायी प्रगट व्हावयाचे आहे असे तो म्हणाला, आणि बोलून थांबला नाही; खाली वाकून त्याने माती हाती घेतली. शिष्य मागे पाहत होते, प्रभूने पुढे पाहिले. शिष्यांना दोषी पाहिजे होता, प्रभूला काम पाहिजे होते.

त्या बापास मी वेशीवरच्या कट्ट्यावर बसविले व एक खरी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांसही सांगतो.

फ्रान्स देशात, पॅरिस शहराच्या पूर्वेस, कूव्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे सीमोन-रने ब्राय नावाचा एक कारागीर राहत असे. त्याचा धंदा जीनगराचा. घोड्यांचे खोगीर, लगाम व पट्टे तो करी. त्याच्या कारखान्यात कातडे, रापी, दोरा व आरी ही सदोदित पसरलेली असत. १८०९ सालच्या जानेवारीच्या ४ तारखेस त्याला चौथे व शेवटचे अपत्य झाले. त्या मुलाचे नाव लुई.

लुई तीन वर्षांचा असता एके दिवशी बापाच्या कारखान्यात शिरला. बाप करतो ते आपणही करावे, एवढीच त्या बालकाची इच्छा. त्याने कातड्याचा तुकडा घेतला, आरी घेतली, आणि टोचू लागला. कातडे चिवट, हात इवलासा. आरी सटकली व डोळ्यात घुसली. जखम चिघळली. पुढे तो दाह दुसऱ्या डोळ्यासही लागला, आणि पाच वर्षांचा होईतो मुलगा दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा झाला.

आता त्या बापाकडे पाहा. आरी त्याची, कारखाना त्याचा. तो किती रडला हे कोणी लिहून ठेवले नाही. पण त्याच्या हातांनी पुढे काय केले ते लिहिलेले आहे. त्याने मुलासाठी काठ्या तासून दिल्या, म्हणजे तो गावातील वाटा आपल्या आपण धुंडाळील. फळीवर खिळे ठोकून त्यांची अक्षरे केली आणि मुलाची बोटे त्यांवरून फिरविली, असेही सांगतात. ज्या हातातून आरी निष्काळजीपणे मेजावर राहिली, तोच हात आता मुलाचा वाटाड्या झाला. हा खरा पश्चात्ताप होय. पुष्कळांना वाटते की पश्चात्ताप म्हणजे कोपऱ्यात बसून स्वतःस शिव्याशाप देणे. तसा तर यहूदानेही केला, आणि त्याचा शेवट काय झाला हे आपणांस ठाऊक आहे. पेत्रही बाहेर जाऊन रडला; पण तो परत आला, आणि त्याच्याकडे मेंढरे चारण्याचे काम सोपविण्यात आले.

गावच्या धर्मगुरूने, पाल्युई ह्याने, त्या आंधळ्या बालकास आपल्याजवळ बसवून शिकविण्यास आरंभ केला. गावच्या शिक्षकाने त्याला डोळस मुलांच्या शाळेत घेतले. त्या काळी आंधळ्या मुलाची वाट बहुधा भिक्षेकडेच जाई. तरी त्या दोघांनी असे म्हटले नाही की, हा वाचणार नाही, मग शाळेत कशाला? मुलगा ऐकून शिके, आणि पुष्कळ डोळसांच्या पुढे गेला. १८१९ साली, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिस येथील आंधळ्या मुलांच्या शाळेत पाठविण्यात आले.

त्या शाळेत पुस्तके होती, पण ती कशी? कागदावर मोठाली अक्षरे उठावाने दाबून काढलेली. एक एक अक्षर बोटांनी चाचपावयाचे. वाक्याच्या शेवटास येईतो आरंभ विसरावयाचा. पुस्तके जड व थोडी, आणि मुलांना स्वतः लिहिणे तर अशक्यच. ती अक्षरे डोळस लोकांनी आपल्या डोळ्यांसाठी असलेलीच आंधळ्यांच्या बोटांखाली दिली होती.

१८२१ च्या सुमारास सैन्यात नोकरी केलेल्या शार्ल बार्बिये नामक गृहस्थाची एक युक्ती शाळेत आली. त्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी केली होती. अंधारातही ती बोटांनी वाचता येई. पण एकेका खुणेस बारापर्यंत ठिपके. एवढा पसारा बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसे. शिवाय त्या लिपीत शब्दांचे खरे वर्ण नव्हते, केवळ उच्चार होते. बालक लुईच्या बोटांना हा दोष कळला, कारण वाचणारे बोट त्याचे होते. तो त्या कामास लागला. वर्गात, रात्री अंथरुणात, सुटीत घरी गेल्यावर, जाड कागद व टोकदार साधन घेऊन तो टोचीत बसे. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, लिपी बहुतेक सिद्ध झाली. बारांचे सहाच ठिपके झाले. तीन उभे, त्यांच्या शेजारी तीन. एका बोटाच्या स्पर्शात एक अक्षर. सहा ठिपक्यांच्या ६३ निरनिराळ्या मांडण्या होतात. त्यांत वर्ण, अंक, विरामचिन्हे, गायनाचे स्वरही बसतात. १८२९ साली त्याने ही पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आपण जिला ब्रेल लिपी म्हणतो ती हीच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही लिपी लिहावयाची कशी? एका टोकदार दाभणाने कागदावर टोचून. लहानपणी जे साधन त्याने कातड्यावर धरले होते, त्याच जातीचे साधन त्याने कागदावर धरले. एकाच जातीच्या टोकाने डोळे नेले, आणि एकाच जातीच्या टोकाने लाखो आंधळ्यांना पुस्तक दिले.

येथे मला सावधपणे बोलले पाहिजे. देवाने आरी सटकविली, असे मी म्हणत नाही. बालकाचा डोळा फोडून आपले गौरव वाढविणारा देव आपल्या प्रभूने आपणांस दाखविलेला नाही. योसेफास खड्ड्यात टाकले ते भावांनी. ते वाईट होते, आणि वाईटच राहिले. परंतु ते वाईट देवाच्या हातातून सुटून पलीकडे गेले नाही. त्याने ते धरले, वळविले, आणि दुष्काळात त्याच भावांच्या तोंडी अन्न घातले. उत्पत्तीच्या ५० व्या अध्यायात योसेफाचे बोलणे वाचा, म्हणजे हे कळेल. देव दुःख घडविणारा नसला, तरी दुःख वाया घालविणाराही नाही.

लुई ब्रायला आपल्या कामाचे पूर्ण फळ पाहावयास मिळाले नाही. तो त्याच शाळेत शिक्षक झाला, देवळात ऑर्गन वाजवू लागला, आणि क्षयाने खंगत गेला. मध्यंतरी शाळेच्या एका चालकाने ही लिपीच बंद केली. मुले ती लपून छपून एकमेकांस शिकवीत. १८५२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस तो मरण पावला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, त्या देशाने त्याची लिपी रीतसर स्वीकारली. एक जण पेरतो, दुसरा कापणी करतो, हा देवाच्या शेतातील जुनाच नियम आहे. शंभर वर्षांनी, १९५२ साली, त्याचा देह पॅरिसमध्ये थोर पुरुषांच्या स्मारकात नेऊन ठेवला. पण त्याचे हात त्याच्या गावानेच आपल्याजवळ ठेवून घेतले. ते ठिपके ज्यांनी टोचले ते हात!

ह्या बीजाचे पीक आपल्याही देशात आले. १८८७ साली अमृतसर येथे मिशनच्या ॲनी शार्प बाईंनी आंधळ्यांची शाळा उघडली. १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी मुंबईत आंधळ्या मुलांसाठी शाळा काढली. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंच्या छायेखाली आंधळ्या मुली बोटांनी वाचावयास शिकल्या. १९५१ साली भारतातील भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली, आणि मराठीही त्या सहा ठिपक्यांत बसली.

तर ह्यातून आपण काय घ्यावे?

पहिले, आईबापांनो, हत्यारे उंच ठेवा. विळा, कोयता, दाभण, कीटकनाशकाची बाटली, ही बालकाच्या हाती लागू देऊ नका. मूल तुमची नक्कल करणारच. ती त्याची खोडी नव्हे, ते त्याचे प्रेम आहे. डोळ्यास इजा झाली तर रस, तूप, काजळ काही न घालता तत्काळ डॉक्टरांकडे न्या. एका डोळ्याचा दाह दुसऱ्यास लागू शकतो, हे ब्रायच्या घरी झाले.

दुसरे, उपदेशक बंधूंनो, आपल्या गावात दारात बसवून ठेवलेले एखादे आंधळे, लंगडे, मुके लेकरू आहे काय? कूव्रेच्या धर्मगुरूने जग बदलावे म्हणून काही केले नाही. त्याने एका मुलास आपल्याजवळ बसविले. तुम्हांसही तेवढेच सांगणे आहे. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अपंग मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. अर्ज लिहिता न येणाऱ्या आईबापांसाठी तुम्ही अर्ज लिहा. तालुक्याला त्यांच्याबरोबर जा. एसटीचे भाडे नसेल तर मंडळीच्या दानपेटीतून द्या. ते दान प्रभूच्याच हाती पडेल.

तिसरे, ज्यांच्या हातून चूक झाली आहे त्यांनो, शेजाऱ्यांच्या बोलण्यास भिऊ नका. जन्मांधाचे आईबाप सभास्थानातून घालवून देतील ह्या भयाने आपल्याच मुलाच्या बाजूने बोलले नाहीत. वाळीत पडण्याचे भय काय असते, हे आपल्या वाडवडिलांनी चांगले अनुभवले आहे. परंतु त्या मुलास लोकांनी बाहेर घालविल्यावर त्याला शोधीत कोण आला? प्रभू स्वतः आला.

हे सर्व मी त्या बापास सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्या माणसाने काठी तासून दिली म्हणता?" मी म्हटले, "होय." तो उठला व घराकडे गेला.

पुढच्या सोमवारी तो मुलास कडेवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेला. बरोबर मुलाची आईही होती. वाटेत ती काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण ती बरोबर होती. दुसरा डोळा शाबूत आहे असे डॉक्टरांनी सांगितले. गेल्या महिन्यात मी त्या घरी गेलो, तेव्हा विळा वळचणीला उंच खोवलेला होता, आणि मुलगा अंगणात बसून काडीने मातीत अक्षरे गिरवीत होता. बाप त्याचा हात धरून होता.

लोक अजूनही विचारतील, पाप कोणाचे? त्यांना विचारू द्या. आपण माती हाती घेऊ या, आणि जोपर्यंत दिवस आहे तोपर्यंत ज्याने आपणांस पाठविले त्याची कामे करू या.

प्रार्थना : हे कृपाळू पित्या, आमच्या निष्काळजीपणाची आम्हांस क्षमा कर. जे आमच्या हातून मोडले, ते तुझ्या हाती घे. आमच्या लेकरांचे रक्षण कर, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या वाटेवर आम्हांस काठी होऊ दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.