युद्ध संपल्यावरचे कैदी

तह झाला म्हणजे शत्रूच्या पकडलेल्या सैनिकास सन्मानानें घरीं धाडावें, हें सर्व सुधारलेल्या राष्ट्रांस मान्य आहे. परंतु युद्धाच्या भरांत केवळ बोलल्याबद्दल तुरुंगांत घातलेल्या स्वतःच्या नागरिकाचें काय करावें, याविषयीं तीं राष्ट्रें मूग गिळून बसतात. ही विसंगति आम्हांस फार दिवस बोचत आली आहे.

अमेरिकेंतील मजूरपुढारी यूजीन डेब्स यानें १६ जून १९१८ रोजीं ओहायोमधील कॅंटन गांवीं युद्धविरोधी व्याख्यान दिलें. त्याबद्दल त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली व मार्च १९१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती एकमतानें कायम केली. तोंपर्यंत युद्ध थांबून चार महिने होत आले होते. म्हणजे तोफा थंडावल्यानंतर हा त्रेसष्ट वर्षांचा गृहस्थ तुरुंगांत शिरला! पुढें १९२० सालीं त्यानें तेथूनच अध्यक्षपदाची निवडणूक लढविली व नऊ लाखांहून अधिक लोकांनीं त्यास मतें दिलीं. भाषणाचा गुन्हा ठरविणारी १९१८ ची कडक दुरुस्ती मार्च १९२१ मध्यें रद्द झाली. कायदा मेला, कैदी मात्र आंतच राहिला.

अध्यक्ष विल्सन यांच्याच मुख्य कायदेमंत्र्यानें डेब्सच्या सुटकेची शिफारस केली होती. विल्सननीं ती साफ नाकारली. (विल्सन मूळचे प्राध्यापक. आमच्या पेशाचा मनुष्य एकदां हट्टास पेटला म्हणजे काय होतें, हें आम्ही जाणतों.) तथापि त्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हती. ज्या आईबापांचे मुलगे फ्रान्सच्या भूमींत पुरले गेले, त्यांस या सुटकेबद्दल काय वाटेल, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. आम्ही त्या आईबापांस हंसणार नाहीं. पण वृद्धास कोंडून ठेवल्यानें त्यांचा मुलगा परत येत नाहीं, आणि दुःखितांचें समाधान हें शिक्षेचें माप होऊं शकत नाहीं.

राहिला पश्चात्तापाचा मुद्दा. डेब्सनें क्षमेचा अर्ज केला नाहीं. चार ओळी लिहून दिल्यानें काय बिघडलें असतें, असें आम्हांसहि एके काळीं वाटे. आतां वाटत नाहीं. कुलुपाची किल्ली ज्याच्या हातीं, त्यानें वदवून घेतलेल्या पश्चात्तापावर विश्वास कोणीं ठेवावा? शिवाय, सुटका व्हावयाची ती कैद्याचें मन पालटलें म्हणून नव्हे, तर त्यास कोंडण्याचें कारण संपलें म्हणून.

पुढचे अध्यक्ष हार्डिंग हे विद्वान म्हणून कोणी ओळखत नाहींत. त्यांनीं डेब्सला १९२१ च्या नाताळच्या दिवशीं अर्जाशिवाय सोडलें आणि भेटीसहि बोलाविलें. मात्र ती क्षमा नव्हती, शिक्षेची केवळ कपात होती. इतर युद्धकालीन कैद्यांपैकीं कांहींनीं लेव्हनवर्थच्या तुरुंगांत वैयक्तिक अर्ज करण्याचें नाकारलें व ते बसून राहिले. शेवटचे कैदी अध्यक्ष कूलिज यांनीं डिसेंबर १९२३ मध्यें सोडले. जर्मन युद्धकैदी त्यापूर्वीं केव्हांच मायदेशीं पोंचले होते.