कळ दाबली की जातो

‘कळ दाबली की जातोच ना तो, मग बिघडलं कुठं?’ सहकाऱ्याच्या संगणकावर खोटा निळा पडदा लावून त्याची घाबरगुंडी टिपणाऱ्या चित्रफिती पुन्हा फिरू लागल्या आहेत आणि समर्थनाला हे एकच वाक्य पुढे केलं जातं. हा पडदा दाखवणारा, मार्क रसिनोविच यांनी केलेला सिसइंटर्नल्स या साधनसंचातला स्क्रीन सेव्हर विंडोज कोसळून पुन्हा सुरू होत असल्याचं हुबेहूब दृश्य दाखवतो, फाइलींना हात लावत नाही, हे खरंच. पण ही खात्री तो लावणाऱ्याला असते, समोर बसलेल्याला नसते. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी रांग लागलेली असताना पडदा निळा झाला, तर कारकून कळ दाबून पाहत बसत नाही. तो पॉवरचं बटण दाबून धरतो, आणि सेव्ह न केलेलं काम तेव्हा खरोखर जातं. याला निरुपद्रवी म्हणायचं असेल, तर बॉम्ब नसलेल्या विमानतळावर आलेला धमकीचा फोनही निरुपद्रवीच म्हणावा लागेल. शेवटी बॉम्ब कुठं फुटला?

आणि ही भीती वेडगळ नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे झाले. मोपा-दाबोळीवरून उडणाऱ्या विमान कंपन्यांनाही त्याची झळ बसली. हाच पडदा भामट्यांचंही हत्यार आहे. ब्राउझरभर खोटा इशारा उमटतो, खाली फोन नंबर असतो, आणि पलीकडे बनावट कॉल सेंटर. सीबीआयनं ऑक्टोबर 2023 मध्ये ‘ऑपरेशन चक्र-2’मध्ये 76 ठिकाणी छापे घातले, त्यामागे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारीही होत्या. गोव्यातही अशी सेंटरं पकडली गेली आहेत. ‘गमतीनं माणूस सावध होतो’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं तरी त्या चित्रफितीत कुणी शिकवतं का? घाबरलेला माणूस तिथं फक्त ओशाळतो. चारचौघांत ओशाळलेला माणूस पुढच्या वेळी शेजारच्या टेबलावर विचारायला जात नाही. पडद्यावरचा नंबर फिरवतो. भामट्याला नेमकं हेच हवं असतं.

न विचारता कुणाचा चेहरा टिपून गावभर पाठवू नये, हे या सदरात वारंवार लिहिलं आहे आणि पुढंही लिहीन. वेर्ण्याच्या एखाद्या कंपनीतले दोन इंजिनियर एकमेकांवर हा प्रयोग करत असतील, तर करोत बापडे. दोघांनाही पडदा ओळखता येतो. या चित्रफितींत मात्र सावज असतो निवृत्तीला टेकलेला लिपिक, नाही तर नुकती रुजू झालेली मुलगी. साहेबांच्या संगणकावर ही गंमत लावल्याची चित्रफीत काही कुणी पाठवत नाही.