समुपदेशकाच्या पाठीशी कोण?

2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे. त्यांपैकी 1,764 विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. हा आकडा इतर कोणत्याही राज्यापेक्षा मोठा आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. हा निर्देश हवाच होता. त्यानुसार जाहिराती निघतील, मुलाखती होतील आणि नुकतीच पदव्युत्तर पदवी घेतलेली, तेवीस-चोवीस वर्षांची शेकडो मुलेमुली शाळा-महाविद्यालयांतल्या कोपऱ्यातल्या खोलीत टेबल-खुर्ची टाकून बसतील. पहिल्याच महिन्यात त्यांच्यासमोर हातावर ब्लेडचे व्रण असलेला मुलगा येईल आणि घरातल्याच माणसाच्या त्रासाबद्दल अर्धे वाक्य बोलून गप्प होणारी मुलगीही येईल. त्या संध्याकाळी या समुपदेशकाने कुणाशी बोलायचे, हे मात्र आपण ठरवलेले नाही.

मानसोपचाराच्या क्षेत्रात या आधाराला सुपरव्हिजन म्हणतात. अनुभवी व्यक्तीने कमी अनुभवी व्यक्तीच्या कामाकडे ठरावीक वेळी, नियमाने आणि बारकाईने पाहणे, असा त्याचा साधा अर्थ आहे. ब्रिटनमधल्या ब्रिजिड प्रॉक्टर यांनी त्याची तीन कामे सांगितली: कामाचा दर्जा आणि नीती सांभाळणे, कौशल्य वाढवणे आणि दुसऱ्यांचे दुःख ऐकून थकलेल्या माणसाला पुन्हा उभारी देणे. आपल्याकडे यातले पहिले काम तेवढे ओळखीचे आहे आणि तेही नोंदवही तपासण्यापुरतेच. उरलेली दोन कामे ‘सिनियर आहेत, सांगतील काहीतरी’ या भरवशावर सोडून दिलेली असतात.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की सुपरव्हिजन हे स्वतंत्र कौशल्य आहे. चांगला समुपदेशक अनुभवाने आपोआप चांगला सुपरवायझर होत नाही. ते काम शिकावे लागते. तरुण मुलांसोबत काम करणाऱ्यांची फळी उभी करायची असेल, तर सुपरवायझर घडवण्याची व्यवस्था त्याच वेळी उभी राहायला हवी. ती मागाहून करू म्हणून चालणार नाही.

मुलांवरील मानसोपचाराच्या इतिहासाची सुरुवातच एका अर्थाने सुपरव्हिजनपासून होते. फ्रॉइडने 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘छोटा हान्स’ या पाच वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात मुलाशी रोजचे बोलणे त्याचे वडील करत होते. ते फ्रॉइडला सविस्तर टिपणे पाठवत आणि फ्रॉइड त्यांना दिशा दाखवत असे. उपचार म्हणून मुलाला तो एकदाच भेटला. पुढे 1920 मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाची संस्था सुरू झाली आणि शिकाऊ विश्लेषकाने आपले काम ज्येष्ठाला दाखवणे हा प्रशिक्षणाचा रीतसर भाग झाला. मात्र त्या ज्येष्ठाने हे काम कुठे शिकायचे, हा प्रश्न पुढे कित्येक दशके कुणी फारसा विचारला नाही. ज्याला जशी सुपरव्हिजन मिळाली, तशीच तो पुढच्याला देत गेला. चांगले होते ते पुढे गेले, वाईट होते तेही तसेच पुढे गेले.

नुसत्या कार्यशाळांनी का भागत नाही, याचा स्पष्ट पुरावा आहे. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या 140 व्यावसायिकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाखतीचे एक तंत्र त्यांना शिकवण्यात आले. काहींना केवळ कार्यशाळा मिळाली, तर काहींना तिच्यानंतर स्वतःच्या कामाच्या ध्वनिमुद्रणांवर अभिप्राय आणि मार्गदर्शनही मिळाले. कार्यशाळेने कौशल्य वाढले, पण पाठपुरावा नसलेल्या गटात ती वाढ चार महिन्यांत ओसरू लागली. ज्यांच्या कामाकडे कुणी लक्ष देत राहिले, त्यांचे कौशल्य टिकले. आपल्याकडे तीन दिवसांचे शिबिर, प्रमाणपत्र आणि गटफोटो यांवर प्रशिक्षण संपते. पैसा खर्च होतो आणि त्याचे फळ पुढच्या सहामाहीपर्यंतही टिकत नाही.

सुपरव्हिजन आहे, एवढेही पुरेसे नसते. निकोलस लेडनी आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये शिकाऊ उपचारकांना विचारले, की तुम्ही सुपरवायझरपासून काही लपवता का? 97 टक्क्यांहून अधिक जणांनी होकार दिला. न सांगितलेल्या गोष्टींत सुपरवायझरविषयीची नाराजी होती, तशाच स्वतःच्या चुका आणि रुग्णाविषयी मनात उठलेल्या भावनाही होत्या. समुपदेशक जे सांगेल तेवढेच ऐकून मार्गदर्शन करणारा सुपरवायझर बरेचदा प्रत्यक्षात न घडलेल्या संवादाबद्दल बोलत असतो.

एक प्रसंग जवळून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातली नववीची मुलगी आहे. ‘हिचं वर्गात लक्ष नसतं’ म्हणून वर्गशिक्षिकेने तिला पाठवले आहे. समुपदेशक विचारते, “घरी सगळं ठीक ना?” मुलगी म्हणते, “हो. रात्री झोप लागत नाही फक्त. सगळे झोपले की...” आणि थांबते. समुपदेशक लगेच विचारते, “झोपायच्या आधी मोबाइल बघतेस का?” पुढची दहा मिनिटे मोबाइल, अभ्यासाचे वेळापत्रक आणि लवकर उठण्याचे फायदे यांत जातात. मुलगी “थँक यू मॅडम” म्हणून उठते. नोंदवहीत लिहिले जाते: ‘झोपेच्या सवयींबाबत मार्गदर्शन केले. प्रतिसाद चांगला.’

वही तपासणाऱ्याला यात काहीच वावगे दिसणार नाही. अनुभवी, पण सुपरव्हिजन न शिकलेली व्यक्ती ध्वनिमुद्रण ऐकून म्हणेल, “अगं, ती काहीतरी सांगत होती आणि तू मध्येच तोडलंस!” हे खरेच आहे. पण पुढच्या आठवड्यापासून ती समुपदेशक आपल्या कामाचा फक्त चांगला भाग ऐकवेल. प्रशिक्षित सुपरवायझर ‘सगळे झोपले की’ या शब्दांपाशी ध्वनिमुद्रण थांबवते आणि विचारते, “इथे तुझ्या मनात काय चाललं होतं?” थोड्या वेळाने उत्तर येते, “मला भीती वाटली. ती असं काही सांगेल की मग मला पोलिसांत कळवावं लागेल, आणि मुख्याध्यापक म्हणतील, शाळेचं नाव कशाला घालवता.”

आता खरे काम सुरू होते. पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे आणि न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे. सुपरवायझर हा कायदा तिच्याशी नीट बोलून घेते. मुलगी नेमके काय सांगणार होती, ते अजून आपल्याला माहीत नाही, याचीही आठवण करून देते. कळवायची वेळ आली तर मुलीला विश्वासात कसे घ्यायचे, संस्थेतले कोण सोबत उभे राहील आणि मुलगी त्या रात्री सुरक्षित कुठे असेल, हे दोघी मिळून ठरवतात. मग पुढचे वाक्य मोठ्याने म्हणून पाहतात: “मागच्या वेळी तू म्हणालीस, सगळे झोपले की... आणि थांबलीस. मी तेव्हा विषय बदलला. आज ऐकते.” पुढची भेट आठवड्याने न ठेवता उद्याच ठेवायची, असा निर्णय होतो. दर्जा, शिक्षण आणि आधार ही तिन्ही कामे वीस मिनिटांत झाली. यातली एकही गोष्ट केवळ वयाने किंवा पदवीने येत नाही.

मुलांसोबतच्या कामात ही निकड आणखी वाढते. मोठा माणूस बहुतेक वेळा स्वतःहून येतो, तर मुलाला कुणीतरी पाठवलेले असते. पाठवणाऱ्या शिक्षकाला शिस्त हवी असते, आईवडिलांना मार्क हवे असतात आणि मुलाला काय हवे आहे हे त्याला अजून कुणी विचारलेलेच नसते. समुपदेशक चोवीस वर्षांची असेल तर ती नकळत मुलाची मोठी बहीण होते आणि आईवडिलांवर चिडते. चाळिशीची असेल तर आईच्या बाजूने बोलू लागते. हॅरल्ड सर्ल्झ यांनी 1955 मध्येच दाखवले होते, की उपचाराच्या खोलीतले नाते सुपरव्हिजनच्या खोलीत पुन्हा उमटते. आपल्या शाळांत ते उलट दिशेनेही घडताना दिसते. मुख्याध्यापक ‘रिझल्ट काय?’ म्हणून समुपदेशकाच्या मागे लागतात आणि तीच घाई ती मुलाच्या बाबतीत करते. सुपरवायझरही त्याच सुरात बोलू लागली, तर त्या मुलाला सावकाश बोलण्याची जागा साखळीत कुठेच उरत नाही.

हे सारे परदेशी चैनीचे वाटत असेल, तर गोव्याकडे पाहावे. 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने आरोग्याचे शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केले. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या प्रौढ नैराश्यग्रस्तांवर त्यांच्या उपचारांचा चांगला परिणाम झाल्याचे 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या यशामागची व्यवस्था मला जास्त महत्त्वाची वाटते. हे समुपदेशक गटाने बसत, एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. आधी तज्ज्ञ गट चालवत. पुढे समुपदेशक स्वतः चालवू लागले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले, असे 2014 च्या अभ्यासात दिसले. ऐकावे कसे आणि अभिप्राय द्यावा कसा हे शिकवले, तर ते काम मोठ्या पदव्यांवाचूनही होते, हा त्याचा अर्थ. याच परंपरेतून दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत 250 किशोरवयीन मुलांसोबत समस्या सोडवण्यावर आधारित समुपदेशनाची चाचणी झाली. नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा समुपदेशकाची साथ मिळालेल्यांच्या, त्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी अधिक कमी झाल्या.

इंग्लंडने 2011 मध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यसेवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्याच विचाराला व्यवस्थेचे रूप दिले. एकेका सेवेतून उपचारक, सुपरवायझर आणि सेवेचे प्रमुख यांना मिळून प्रशिक्षणाला पाठवले गेले आणि सुपरवायझरांसाठी स्वतंत्र विद्यापीठीय अभ्यासक्रम ठेवला गेला. एकट्या उपचारकाला शिकवून परत पाठवले, तर जुनी व्यवस्था त्याला महिन्याभरात जुन्या वाटेवर आणते, हे त्यांनी ओळखले होते.

‘आधी पदे तर भरू द्या’ असे यावर म्हटले जाईल, आणि त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आहे. गरज प्रचंड आहे आणि माणसे थोडी. पण माणसे थोडी असतात तेव्हाच ती टिकवावी लागतात. कंत्राटी पदावर एकट्याने बसलेली, कुणालाच काही विचारू न शकणारी समुपदेशक लवकरच एकतर नोकरी सोडते, नाहीतर मन घट्ट करून सगळ्यांना एकच उपदेश करू लागते. दोन्ही प्रकारांत ते पद केवळ कागदावर भरलेले राहते. शिवाय ती चुकली, तर त्याची किंमत एखादे मूल मोजते.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा आहे. मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे का? मूल आणि पालक यांची समजून-उमजून दिलेली संमती, मुद्रण जपण्याचे आणि ठरल्या मुदतीत पुसून टाकण्याचे नियम यांशिवाय ते करूच नये. संमती नसेल तर सत्रानंतर आठवेल तसा शब्दशः लिहिलेला संवाद चालतो, किंवा तोच प्रसंग भूमिका घेऊन पुन्हा करून पाहता येतो. ‘मार्गदर्शन केले’ या दोन शब्दांवर मात्र कुणाचेही काम पारखता येत नाही.

महाराष्ट्रात याची सुरुवात करण्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची ‘मैत्री’ केंद्रे आहेत, विद्यापीठांत मानसशास्त्र आणि समाजकार्याचे विभाग आहेत. प्रत्येक जिल्ह्यातून पाच-सहा अनुभवी व्यक्ती निवडून त्यांना वर्षभराचा, नोकरी सांभाळून करता येईल असा अभ्यासक्रम द्यावा. त्यात व्याख्याने कमी आणि सराव जास्त असावा: ध्वनिमुद्रण कसे ऐकायचे, सांगण्याआधी कसे विचारायचे, आत्महत्येचा धोका असताना त्याच दिवशी निर्णय कसा घ्यायचा, पोक्सो आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा कसा पाळायचा आणि समुपदेशकाला आधार देताना तिचे थेरपिस्ट होणे कसे टाळायचे. शिकणाऱ्या सुपरवायझरचेही काम कुणीतरी ऐकावे. आठ-दहा समुपदेशकांच्या गटाला आठवड्यातून एक तास मिळावा आणि तो पगारी कामाचा तास धरला जावा. समुपदेशकाची रजा आणि बढती ज्याच्या हाती, त्याच्याकडे हे काम देऊ नये. आपली चूक त्याच्यासमोर कुणी उघड करणार नाही.

न्यायालयाच्या निर्देशानंतर शाळा जाहिराती काढतील, तेव्हा पालकांनी, संस्थाचालकांनी आणि शिक्षण विभागाने ‘समुपदेशक नेमला का?’ या प्रश्नाला जोडून आणखी दोन प्रश्न विचारावेत: त्याचे काम दर आठवड्याला कोण ऐकते, आणि त्या ऐकणाऱ्याला ते कुठे शिकवले गेले? दोन्ही प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळेपर्यंत ती नेमणूक पूर्ण झाली, असे मानू नये.