मदयनच्या विहिरीकाठची दुआ

अर्जामागून अर्ज जातात, मुलाखती होतात, पण नोकरी मिळत नाही. अशा वेळी ‘मी कुणाच्याच उपयोगाचा नाही’ ही भावना तरुणाला पोखरू लागते. अशा बंधू-भगिनींनी पवित्र कुरआनातील सूरह अल-कसस अवश्य अभ्यासावी.

आदरणीय मूसा (अ.) इजिप्त सोडून मदयनला पोहोचले, तेव्हा तेथे त्यांना ना निवारा होता, ना रोजगार. विहिरीवर मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन मुली आपली जनावरे अडवून बाजूला थांबल्या होत्या. मूसा (अ.) यांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. मग सावलीत जाऊन आपली गरज केवळ अल्लाहपुढे मांडली. पुढे त्यांपैकीच एका मुलीने, हा मनुष्य सबळ आणि विश्वासू आहे, अशी वडिलांकडे शिफारस केली. आठ वर्षांच्या चाकरीचा करार झाला. दहा पूर्ण करणे त्यांच्या मर्जीवर होते.

हाती काम नव्हते, तरी त्यांचे हात सत्कर्मापासून थांबले नाहीत. आपणही प्रतीक्षेच्या काळात एखादे कौशल्य शिकावे, शेजारच्या मुलांना शिकवावे, वडिलांना हातभार लावावा. नकार आला तर दोन रकात नमाज अदा करून पुन्हा अर्ज करावा. मात्र लाच वा अनुभवाचा खोटा दाखला यांचा आधार घेऊ नये. विश्वासूपणा गमावून मिळालेल्या रोजीत बरकत कोठून येणार?

आणि पालकहो, जेवताना टोमणे नकोत. प्रयत्न मुलाचे, रोजी अल्लाहची. तुमच्याकडून त्याला दुआ मिळावी.