गाठी कोणाच्या, गळा कोणाचा

आबाजींचं घर अकोल्यात, जठारपेठेत. नात अमरावतीला चित्रकला शिकते, गाडगेनगरात मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. दिवाळीला ती आली ती हातात एक यादी घेऊनच. मोटारी, दुचाक्या, कॅमेरे, एसी, कॅल्क्युलेटर, घड्याळं. जपानी कंपन्यांची नावं एकाखाली एक, आणि तळाशी घरातल्या सगळ्यांच्या सह्यांसाठी जागा. जपान देवमासे मारतो, तेव्हा या घरात यापुढे जपानी वस्तू यायची नाही.

तिचा राग उसना नव्हता. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं १९८२ साली व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं, १९८६ पासून ते लागू झालं. जपान त्यानंतरही कित्येक वर्षं ‘संशोधना’च्या नावाखाली मारत राहिला, २०१९ मध्ये आयोगातूनच बाहेर पडला आणि आपल्या समुद्रात उघड शिकार करू लागला. २०२४ मध्ये ‘कांगेई मारू’ हे नवंकोरं जहाज त्यासाठी निघालं. त्याच वर्षी फिन देवमासाही मारायच्या जातींत आला. निळ्या देवमाशाखालोखाल एवढा मोठा प्राणी पृथ्वीवर दुसरा नाही. हे सगळं तिला पाठ होतं.

आबाजींनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“हे दोन नंबरची स्कूटर तर तुहीच आहे न?”

“हो. विकून टाकते.”

“ईक. पन घेनारा थेच चालवीन. कंपनीले तिचे पैसे कवाचेच भेटले. अन् मले सांग, हे स्कूटरवाले देवमासे मारतेत का?”

“ते नाही मारत. देश मारतो.”

“मंग देशाचा गल्ला यायच्या दुकानात असते का?”

नात चिडली. आबाजी नेहमीच असं उलटं बोलतात, यांना कशाचं काही वाटत नाही, असं ती आईजवळ म्हणाली. ते आबाजींना ऐकू गेलं. संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर ते आपणहून म्हणाले, “बहिष्कार पावत नाई असं मी म्हटलंच नाई बाई. जपाननं आपल्यावर टाकलता एकदा. पावला त्याले. सहा-सात महिन्यांत पावला.”

हे तिला नवीन होतं. खरं तर वर्‍हाडातल्या बहुतेकांना आज ते नवीनच वाटेल. १९३० चं साल आपण दहीहंड्याच्या खाऱ्या पाण्यापासून केलेल्या मिठामुळे आणि पुसदच्या जंगल सत्याग्रहामुळे लक्षात ठेवलं. तीन वर्षांनी आपल्या कापसाचं काय झालं ते विसरलो.

वर्‍हाडचा कापूस आखूड धाग्याचा. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीवरूनच त्याला ‘ऊमरा’ हे नाव पडलं होतं. पण लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा लागे, त्यामुळे विसाव्या शतकात या मालाचं मोठं गिऱ्हाईक झालं ते जपान. तिकडच्या गिरण्या आपला स्वस्त आखूड कापूस अमेरिकन कापसात मिसळायच्या, त्याचं कापड विणायच्या आणि ते पुन्हा हिंदुस्थानातच आणून विकायच्या. १९३० मध्ये विलायती कापडाच्या दुकानांपुढे निरोधनं झाली. ब्रिटनमधून येणारं कापड एका वर्षात २ कोटी ६० लाख पौंडांवरून १ कोटी ३७ लाखांवर उतरलं. जगभरच्या मंदीचा त्यात वाटा होताच, पण बहिष्कारही खरा होता: विकणारा समोर, वस्तू समोर, आणि तिच्याऐवजी नेसायला खादी आणि देशी गिरण्यांचं कापड हाताशी. तरीही पुढच्या काळात जपानी कापड बाजारात पसरत गेलं. मुंबईचे गिरणीमालक आणि लँकेशायर, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, दोघेही एका सुरात ओरडू लागले. जून १९३३ मध्ये सरकारनं ब्रिटिश सोडून बाकी सगळ्या परदेशी सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली.

जपानच्या सूतगिरण्यांच्या संघटनेनं लगेच ठरवलं, हिंदुस्थानचा कापूस घ्यायचा नाही.

“आमचे बाबा इथंच कापसाच्या बाजारात दलाल होते,” आबाजी म्हणाले. “थे सांगत, सीझन आला, गाड्या आल्या, रुईच्या गाठी बांधून तयार, अन् मोठं गिऱ्हाईकच नाई. मंदीनं भाव आधीच पडेल. कर लावला शिमल्याले, अन् मार बसला आमच्या बाजारात.”

“पण कास्तकाराचा काय दोष त्यात? जकात त्यानं थोडीच लावली होती?”

“काईच दोष नाई. पन बोंब त्याचीच खरी होती, म्हनून सरकारले ऐका लागली.”

वाटाघाटी शिमल्याला सुरू झाल्या, दिल्लीत संपल्या. जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला: जकात ५० टक्क्यांवर आली, जपानला वर्षाला ४० कोटी वारांपर्यंत कापड आणायची मुभा मिळाली आणि त्या बदल्यात त्यानं १५ लाख गाठींपर्यंत कापूस उचलायचं कबूल केलं. बहिष्कार उठला. या गोष्टीत मला नेहमी दोन बाबी टोचतात. ज्यांनी बहिष्कार घातला ते मूठभर गिरण्यांचे मालक होते, एकाच संघटनेत बांधलेले. आणि ज्याचा गळा आवळला त्याला त्या भांडणात विचारलंही नव्हतं. बहिष्काराचे पोवाडे गाणारे पहिली गोष्ट सांगतात, दुसरी गिळतात.

नात हार मानणारी नव्हती. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर वाचत बसली आणि सकाळी चहा व्हायच्या आत हजर.

“आबाजी, आइसलँड. पावला तिथं.”

आणि तिचं खरं होतं. आइसलँड मासळीवर जगणारा देश. १९८० च्या दशकाच्या शेवटी ग्रीनपीसनं अमेरिका आणि जर्मनीत मोहीम उघडली: हे देवमासे मारतात, यांची मासळी घेऊ नका. अमेरिकेत लाँग जॉन सिल्व्हर्ससारख्या खाणावळींच्या साखळीवर दबाव आला, जर्मनीत टेंगलमान आणि आल्डी या किराणा साखळ्यांनी माल नाकारला. १९८९ नंतर आइसलँडनं शिकार थांबवली, आणि व्यापारी शिकार पुन्हा सुरू झाली ती थेट २००६ मध्ये. आपला चार वर्षांचा संशोधनाचा कार्यक्रम तसाही संपतच आला होता, असं आइसलँडवाले म्हणत. म्हणोत. गल्ला रिकामा व्हायला लागला की असे बरेच कार्यक्रम वेळेवर संपतात.

आबाजींनी मान डोलवली. “बराबर आहे. मासोयी ईकूनच थो देश जगत होता, अन् नेमकी मासोयीच नाई घेतली लोकायनं. आता जपानचं वाच.”

जपानचं वाचताना तिचा आवाज हळूहळू खाली आला. १९७४ मध्येच अमेरिकेतल्या प्राणिमित्र संस्थांनी जपानी मालावर बहिष्कार पुकारला होता. लोक मोटारी आणि टीव्ही घेतच राहिले, शिकार चालूच राहिली. नॉर्वेनं १९९३ मध्ये व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली, त्याच्याविरुद्धही बहिष्काराची हाक गेली; नॉर्वे अजून मारतो. मग २००६. त्या वर्षी थोडा नेम लागला. शिकारी जहाजं चालवणाऱ्या कंपनीत जपानच्या मोठ्या मासळी कंपन्यांचे शेअर होते. त्यांतल्या निस्सुईच्या मालकीची गॉर्टन्स ही कंपनी अमेरिकेत गोठवलेली मासळी विकायची. तिथल्या गिऱ्हाइकांनी गॉर्टन्सला धरलं, आणि निस्सुईसह त्या कंपन्यांनी जहाजांच्या कंपनीतले शेअर सोडले.

“अन् शिकार?”

“थांबली नाही. शेअर सरकारशी जोडलेल्या संस्थांकडे गेले.”

“म्हंजे दुकानदार हटला, अन् गल्ल्यावर सरकार बसलं. सरकारले गिऱ्हाईक लागत नाई बाई. लोकायच्या करावर चालते थे.”

ती बराच वेळ स्क्रीन खालीवर करत राहिली. मग तिला आणखी एक आकडा सापडला. १९६२ च्या सुमारास जपानात वर्षाला दोन लाख टनांहून जास्त देवमाशाचं मांस खपत होतं. आता जेमतेम काही हजार टन. कोणी मोर्चा काढला नव्हता. बंदीनं माल घटला होताच; पण युद्धानंतरच्या टंचाईत शाळेच्या जेवणात ते मांस खाल्लेली पिढी म्हातारी झाली आणि नातवंडांनी कोंबडी-डुकराचं मांस पसंत केलं. शिकारीला खरं दुबळं केलं असेल तर या न जेवणाऱ्यांनी.

“पण मी काय जेवायचं सोडू?” ती जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाली. “अमरावतीत देवमासा कोण खातं?”

आबाजींकडे याचं उत्तर नव्हतं, आणि नसताना द्यायची त्यांना सवय नव्हती. ते अंघोळीला गेले.

दुपारी ती अंगणात आकाशकंदिलावर वेलबुट्टी काढत बसली होती. आबाजी शेजारी येऊन बसले. पाण्याच्या वाटीतला कुंचला त्यांनी उचलला, केस दोन बोटांत दाबून पाहिले. एकाच केसावर फिके-गडद पट्टे.

“हे तर मुंगसाचे केस होत.”

“हो, मुंगूसच म्हणतात त्याला. सगळे हाच वापरतात. रंग छान धरतो, टोक मोडत नाही.”

“मुंगूस केस कापून देत नसते बापा.”

त्यापुढे ते काही बोलले नाहीत. पुढचं तिनंच मोबाइलवर वाचलं. एका किलो केसांसाठी कित्येक मुंगसं मारावी लागतात, वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही शिकारही गुन्हा आहे आणि हा व्यापारही, आणि तरी तो कुंचला चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात उदबत्तीसारखा खुला मिळतो. तिच्या डब्यात असे चार होते. या सौद्यात सरकारचा गल्ला नव्हता. माल घेणारी ती, तिचा वर्ग आणि तिच्यासारखी पोरं.

भाऊबीज झाल्यावर ती मूर्तिजापूरवरून एसटीनं अमरावतीला परतली आणि दुसऱ्याच दिवशी नेहमीच्या दुकानात गेली. दुकानदार भला माणूस, पोरांना उधारी देणारा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“तू अन् तुही मैत्रीण नाई घेतला, तर मले पताही लागनार नाई,” तो म्हणाला. “कॉलेजचं गिऱ्हाईक कितीसं? माझा खरा माल उठते शाळेत. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या की ड्रॉइंगचे मास्तर चिठ्ठीवर लिहून देतेत, अमुक नंबरचा मुंगूस. पोट्टे चिठ्ठी दाखवतेत, मी देतो. मास्तरनं नायलॉन लिहिलं तर मी नायलॉन देईन. मले काय?”

“असे मास्तर किती आहेत?”

“माझ्याकडे चिठ्ठ्या येतेत त्या दहा-बारा शाळेच्या.”

दहा-बारा. जपानच्या गिरणीवाल्यांसारखीच, एका खोलीत मावणारी माणसं. फक्त या वेळी गळा कोणाचा आवळला जाईल, हाही प्रश्न तिच्या डोक्यात होता. ते केस गोळा करून आणणारा कोणीतरी रानातला गरीब माणूसच असणार, हे तिनं वाचलं होतं. त्याला दुसरं काय काम मिळेल, हे तिला कुठंच लिहिलेलं सापडलं नाही. ते तिनं वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलं.

तिनं पहिले गाठले ते राजापेठेकडच्या एका शाळेचे ड्रॉइंग मास्तर. निवृत्तीला आलेले, जलरंगात हात बसलेला. कायद्याचं ऐकून ते जरा चपापले, मुंगसाचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं, पण चिठ्ठी बदलायला ते तयार होईनात.

“नायलॉन पाणी धरत नाही, मुली. आभाळाचा वॉश मारताना मधेच कोरडा पडतो, पट्टे उमटतात. परीक्षेत पोरांचे मार्क जातील, मग पालक माझ्याकडे येतील, तुझ्याकडे नाही.”

“सगळेच तसे नसतात सर. नवे सिंथेटिक आलेत, पाणी धरणारे.”

“असतील. बारा नंबरचा घेऊन ये एक. मंगळवारी आठवीचा तास आहे, तिथं वर्गासमोरच आभाळ मारून बघू.”