साधन आणि ज्ञान

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकू पाहणाऱ्याने कोणते साधन घ्यावे, यामागे ज्ञानमीमांसेचा प्रश्न आहे: पायऱ्या झाकणाऱ्या साधनातून ज्ञान मिळते की नुसते फळ? कोडब्लॉक्ससारख्या आयडीईत, म्हणजे लिहिणे-चालवणे एकत्र करणाऱ्या साधनात, एका बटणावर प्रोग्रॅम चालतो. साधा एडिटर आणि कमांड लाइनवर जीसीसी हा कंपायलर घेतल्यास टप्पे वेगळे पाहता येतात. एखादे फंक्शन नुसते जाहीर करून वापरले, पण लिहिलेच नाही, तर कंपायलर ते खपवून घेतो. अडवतो तो तुकडे जोडणारा लिंकर. चूक कुठल्या टप्प्यावरची, हे ओळखणे म्हणजेच ज्ञान. तरी प्रत्यक्ष पाहण्यालाही मर्यादा आहे. कंपायलरमध्ये दडवलेला दगा सोर्स कोड वाचूनही सापडत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग व्याख्यानाने दाखवले. म्हणजे कुठेतरी आप्तवाक्यावर, विश्वासू जाणत्याच्या शब्दावर, विसंबावेच लागते. म्हणून अधिकारभेद, शिकणाऱ्याच्या पायरीनुसार साधनाचा भेद, मानावा: पहिल्या प्रोग्रॅमला आयडीई पुरते, कारणे शोधताना कमांड लाइन हवी.